एकतिसावा कोट

मुलूझहून आलेली बस ला ग्रांजेतच्या चौकात थांबली तेव्हा तिच्यातून एकतीस सैनिक उतरले, आणि कपडेपटात कोट होते तीस.

लढाईवरच्या सिनेमात अशी चूक शोभून दिसते. कपडेपटाच्या प्रमुख मादाम पेरिशे यांनी यादी दोनदा तपासली – एकदा चष्मा लावून, एकदा काढून. कोट तीसच निघाले. मग त्या हाताखालच्या ओदिलला म्हणाल्या, "जो शेवटी येईल त्याला सांग पोरी, बसमध्येच बसून राहा म्हणावं. संध्याकाळी बस जाईलच."

शेवटी आला तो तंबूच्या दारातच थांबला. उंच, अंगात नुसता खाकी सदरा, खांद्यांवर पाण्याचे थेंब. फ्रान्सच्या या वोज डोंगरांत ऑक्टोबरचा पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. आणि हा मुक्काम तिसऱ्या आठवड्यात गेला होता.

"तुमच्यासाठी कोट उरला नाही," ओदिल म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिला वाटलं त्यापेक्षा ते जरा जास्तच कडक निघालं.

"मग मी कुठल्या ऋतूत लढू?"

टाचणी गिळता गिळता राहिली.

"तुम्ही लढणार नाही. बसमध्ये बसणार आहात."

"बसायचंच होतं तर घरी मी ट्राम चालवतो. तिथं निदान काच पुसलेली असते." मग तो थोडा पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "यादीत बघा ना... तिजान दियारा. माझ्या नावापुढे खूण असेल. मला वाक्य आहे."

ओदिलनं पाहिलं. खूण होती. अख्ख्या सिनेमात बसमधल्या आफ्रिकी सैनिकांच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं, आणि ते एकतीस नंबरला होतं. नेमका त्याच नंबरला कोट नव्हता.

"वर्षाची सगळी रजा या वाक्यासाठी टाकलीय," तिजान म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं त्यानं. आणि मग शिंकला.

त्या शिंकेनं काम केलं. "पाच मिनिटं थांबा," म्हणून ओदिल पावसात पळत सुटली.

ओदिलचं गावात कपडेदुरुस्तीचं दुकान होतं. एके काळी ला ग्रांजेतमध्ये कापडाची गिरणी होती आणि निम्मं गाव तिच्या भोंग्यावर उठायचं. गिरणी बंद पडल्यावर निम्मं गाव निघून गेलं आणि उरलेलं म्हातारं झालं. म्हातारपणी माणूस उंचीनं आटतो. त्यामुळे विजारी आखूड करण्याच्या धंद्याला मरण नव्हतं. दुकानाच्या वरच ती राहायची. आजोबा गेल्यापासून एकटी. स्वयंपाकघरात खुर्च्या दोन होत्या. दुसरीवर इस्त्रीचे कपडे बसायचे, आणि जेवताना ओदिल कधी कधी त्यांच्याशी बोलायची. कपड्यांनी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, ही तिच्या मते त्यांच्या स्वभावातली उणीव होती.

आजोबांच्या पेटीतून तिनं कोट काढला. खरा लष्करी डगला, महायुद्धातला, एकोणीसशे चव्वेचाळीस सालचा. सतराव्या वर्षी आजोबा आँसेल्म तो घालून राइन नदीपर्यंत चालत गेले होते. पुढे त्यांनी तो लाकडं तोडायला घातला, मग दूध आणायला, आणि शेवटी पांघरूण म्हणून घेतला. डांबरगोळ्यांचा वास येत होता, पण अजून कुठे विरला नव्हता.

तिजाननं तो अंगात घातला आणि बटणं लावली. बाह्या मनगटाशी, खांदे खांद्याशी. कुठे टाचणी लावायचीसुद्धा गरज पडेना. ओदिलनं तरी एक लावलीच, कॉलरपाशी. धंद्याची सवय.

"हा कुठून आला?" मादाम पेरिशेंनी विचारलं.

"लष्करानं दिलेला," ओदिल म्हणाली. घरात तसंच म्हणायची पद्धत होती.

* * *

कपडेपटाचा एक नियम होता. प्रत्येक कोटाच्या कॉलरमध्ये घालणाऱ्याच्या नावाची पट्टी शिवायची. माणूस बदलला की जुनी उसवायची, नवी लावायची. दुपारी ओदिल एकतिसावा कोट मांडीवर घेऊन बसली. आत आजोबांच्या नावाची पट्टी होती, पणजीच्या हातची, इतके बारीक टाके की उसवायला जिवावर यावं. ती पट्टी सुटली, आणि खाली शाईची अक्षरं दिसली. फिकट, पण वाचता येण्याजोगी. एक लष्करी क्रमांक, आणि नाव: तिएमोको त्राओरे.

ओदिल बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिली. मग तिजानच्या नावाची पट्टी तिनं त्याच्यावर ठेवली आणि घाईघाईनं शिवून टाकली. तिच्या हातचे टाके एरवी असे वाकडे येत नसत.

संध्याकाळी तिनं पटकथेतलं एकेचाळिसावं दृश्य वाचलं. त्यात सगळं होतं. चव्वेचाळीसच्या हिवाळ्याच्या तोंडावर वरून हुकूम आला की आफ्रिकी सैनिकांना इथली थंडी सोसणार नाही, त्यांना दक्षिणेला पाठवा आणि त्यांच्या जागी गावोगावची पोरं भरती करा. दक्षिणेतून इथवर ते लढत लढत आले होते. विजय चार पावलांवर आला तेव्हा थंडी आठवली. पोरांना द्यायला गणवेश नव्हते. म्हणून रस्त्याच्या कडेला दोन रांगा केल्या, आणि या रांगेनं अंगातले कोट काढून त्या रांगेला दिले.

लष्करानं दिलेला. लष्करानं म्हणजे कुणी, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. ओदिलनंही नाही.

याच दृश्यात तिजानचं वाक्य होतं. समोरच्या पोराच्या हातात कोट देताना म्हणायचं: "घे. अजून ऊब आहे."

* * *

सिनेमा जनरल द ब्रिसोल नावाच्या सेनापतीवर होता. नेतृत्व म्हणजे काय, ते त्यात दाखवायचं होतं. बहुतेक वेळा ते टेकडीवर उभं राहून लांब बघणं असायचं. आफ्रिकी सैनिक त्याच्या मागे उभे राहत. त्यांच्याकडे लक्ष द्यायला बेनोआ नावाचा एक मनमिळाऊ तरुण खास नेमला होता. तो प्रतिनिधित्व सल्लागार. हातात फळी, तिला अडकवलेला कागद, आणि चेहऱ्यावर कायम कुणाची तरी माफी मागितल्याचा भाव. इतिहासात या लोकांवर अन्याय झाला आहे आणि तो दर तीन चौकटींमागे एक माणूस या प्रमाणात भरून काढायचा आहे, हे त्याला मनापासून पटलेलं होतं.

"मिस्यू दियारा, जरा डावीकडे... आता तुम्ही कमी दिसताय. थोडं उजवीकडे. आता जनरलपेक्षा जास्त दिसताय. हां, तिथंच. खांद्यामागे."

"आज कुठे होतात?" दुपारी ओदिल विचारायची.

"डाव्या खांद्यामागे. उद्या बढती आहे म्हणे. उजव्या."

जेवणाची वेळ ही त्या शूटिंगमधली सगळ्यात खरी लढाई होती. पहिल्या दोन दिवसांत कुणी न सांगता सगळे हुद्द्याप्रमाणे बसू लागले. कर्नलचे कपडे घातलेला दातांचा डॉक्टर कप्तानाच्या कपड्यातल्या भाजीवाल्याला आपल्या टेबलावर बसू देईना. आफ्रिकी सैनिकांचं टेबल तंबूच्या टोकाला, जिथं पाणी गळायचं. तिथं कुणी बसवलं, हे कुणालाच सांगता आलं नाही. बेनोआनं याबद्दल खेद व्यक्त केला आणि बादली आणून ठेवली.

तिजान मात्र थाळी घेऊन कपडेपटाच्या मागे यायचा, इस्त्रीच्या टेबलापाशी. तिथं ऊब असायची.

"इस्त्रीसाठी येतो," तो म्हणायचा.

"तुमच्या सदऱ्याला सुरकुत्या आहेत."

"माझ्यासाठी नाही म्हटलं मी."

ओदिल इस्त्री उचलून गालाजवळ धरायची, तापली का बघायला. खरं तर गाल आधीच तापलेला असायचा.

तो थर्मासमधून पुदिन्याचा चहा आणायचा. पहिला पेला कडू, दुसरा बरा, तिसरा गोड. तिसऱ्याशिवाय उठायचं नाही असा त्यांच्याकडचा रिवाज. ती ब्लूबेरीचा टार्ट आणायची, आणि मग दोघांचेही दात जांभळे व्हायचे. एकदा त्याच जांभळ्या दातांनी तिजान कॅमेऱ्यासमोर हसला, तर चित्रीकरण थांबवून रंगपटातली बाई धावत आली. जनरलनं मागे वळून पहिल्यांदाच विचारलं, "हे कोण?"

एक दिवस बेनोआ छोटा कॅमेरा घेऊन तिथंच आला. जाहिरातीसाठी आठवणी हव्या होत्या. "मिस्यू दियारा, तुमचे आजोबा या युद्धात–"

"नव्हते."

"निदान... जवळपास?"

"तिकडे आफ्रिकेत, सेगूला टपाल वाटायचे. युद्ध सुरू झाल्याचं पत्र त्यांच्या हातात आलं तेव्हा युद्ध संपलं होतं. तरी त्यांनी ते नेऊन दिलं. कामाला चोख होते."

बेनोआ हिरमुसला. "मग तुम्ही या सिनेमात का आलात?"

"वाक्य होतं," तिजान म्हणाला. "ट्राममध्ये मी दिवसभर बोलतो, पण पुढचं स्थानक कोणतं एवढंच."

ओदिल खाली मान घालून बटण शिवत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. तिचं घर चौकातच होतं, तिचे आजोबा त्या रांगेत उभे होते, आणि त्यांच्या अंगातला कोट समोर बसून टार्ट खात होता. पण आठवणी गोळा करणाऱ्याच्या कागदावर तिचं नाव नव्हतं. आता सांगावं, असं तिला वाटलं. मग वाटलं, उद्या सांगू. टाका घातला, दोरा तोडला... आणि सांगणं उद्यावर ढकललं.

वाक्याची तालीम ते तिथंच करायचे. ती पोरगा व्हायची, तो सैनिक. तिजाननं तिला पहिल्यांदा 'तू' म्हटलं ते पटकथेत लिहिलं होतं म्हणून.

"घे. अजून ऊब आहे."

"घाई करताय. कोट द्यायचाय, तिकीट नाही."

"घे..." तो थांबला. कोट दोघांच्या मध्ये, चार हातांत. "अजून ऊब आहे."

खरंच होती. ओदिलनं बोटं काढून घेतली नाहीत. त्यानंही नाही. तंबूच्या कापडावर पाऊस पडत होता, आणि इस्त्रीखाली मेजराची विजार हळूहळू करपत होती.

पाच वाजता बस जायची. चौकातून वळताना मागचा लाल दिवा एकदा ओल्या रस्त्यावर उमटायचा, आणि मग गावाचा आवाज परत गावाएवढा व्हायचा – म्हणजे कारंज्याचं पाणी आणि एखादं कुत्रं. ओदिल वर जाऊन सूप गरम करायची. समोरच्या खुर्चीवरचे कपडे तिनं आता कपाटात नेऊन ठेवले होते. खुर्ची रिकामी बरी दिसायची. पण रिकाम्या खुर्चीशी बोलणं कपड्यांशी बोलण्यापेक्षा अवघड जातं, हे तिला नव्यानं कळत होतं.

* * *

शेवटच्या दिवशी तीन गोष्टी व्हायच्या होत्या. सकाळी जनरलचं भाषण, दुपारी कोट देण्याचं दृश्य, आणि मग तेच कोट गावच्या पोरांना घालून विजयाचं संचलन. चार वाजता आफ्रिकी सैनिकांची बस, कायमची.

भाषण छोटंच होतं. "मला माणसं दिसत नाहीत, मला फ्रान्स दिसतो," असा त्याचा शेवट होता. पण दमट हवेत जनरलच्या मिशीचा डिंक धरेना. पाचव्या वेळी मिशी सुटली, नवव्या वेळी घोडा हलला, बाराव्या वेळी दोन्ही जमलं तर जनरल म्हणाले, "मला फ्रान्स दिसत नाही." खरंच दिसत नव्हता, धुकं आलं होतं.

पावणेतीनला सहाय्यक दिग्दर्शक पळत आला. "उजेड जातोय. एकेचाळीस रद्द. थेट संचलन घ्यायचं. कपडेपट, कोट बदलून घ्या, लवकर!"

"रद्द म्हणजे... नंतर घेणार?" तिजाननं विचारलं.

"बघू," सहाय्यक म्हणाला. सिनेमावाल्यांच्या भाषेत याचा अर्थ 'नाही' असा.

मग चौकाच्या कडेला दोन रांगा केल्या. एका बाजूला एकतीस जण, दुसऱ्या बाजूला जवळच्या शाळा-कॉलेजातली एकतीस पोरं, थंडीनं नाकं लाल झालेली. या रांगेनं कोट काढायचे, त्या रांगेनं घालायचे. सुरुवातीला थट्टा चालली होती. चौथ्या-पाचव्या कोटापर्यंत ती थांबली. मग फक्त बटणांचा आवाज राहिला. माणसं नुसत्या सदऱ्यावर, भुरभुर पावसात. एका पोरानं कोट घेताना "सॉरी" म्हटलं आणि कशाबद्दल ते त्यालाच कळेना. बेनोआ फळी छातीशी धरून उभा होता. त्याच्या कागदावर यासाठी रकाना नव्हता.

त्या संपूर्ण सिनेमात इतिहास इतका अचूक दुसरीकडे कुठेच उभा राहिला नाही. फक्त कॅमेरा तेव्हा संचलनाची जागा बघायला गेला होता.

हातात कात्री घेऊन ओदिल रांगेतून पुढे सरकत होती: पट्टी उसव, नवी टाच. एकतिसाव्यापाशी आली तेव्हा तिजाननं वरची दोन बटणं काढली होती.

"काढू नका," ती म्हणाली.

"सगळ्यांनी काढले."

"काढू नका म्हटलं ना. हा सिनेमाचा नाही. हा... आमच्या घरचा आहे."

तिनं त्याच्या कॉलरमध्ये हात घातला आणि स्वतः शिवलेली वाकडी पट्टी एका झटक्यात उसवली. "वाचा."

मान वळवून स्वतःची कॉलर वाचता येत नाही. तिजाननं प्रयत्न केला, आणि एखाद्या जिराफासारखा दिसला. शेवटी तिनंच वाचून दाखवलं. मग भराभरा सगळं सांगितलं – आजोबा, सतरावं वर्ष, ही अशीच रांग, कदाचित हाच चौक; पणजीची पट्टी; लष्करानं दिला, लष्करानं दिला. "पहिल्याच दिवशी मला कळलं होतं. रोज सांगायचं ठरवत होते. तुम्ही टार्ट खायचात आणि मग मला वाटायचं... ऐकलंत तर उद्या येणार नाही."

तिजाननं कॉलर चाचपली. चेहरा हलेना. ओदिलला कारंज्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

"त्राओरे?" शेवटी तो म्हणाला. "नक्की त्राओरेच?"

"हो."

"म्हणजे महिनाभर मी एका चवळीखाऊच्या कोटात फिरतोय?"

ओदिल बघतच राहिली.

"आम्ही दियारा, ते त्राओरे. आम्ही त्यांना चवळीखाऊ म्हणायचं, त्यांनी आम्हाला. पिढ्यान् पिढ्या. रागवायचं नाही असा नियम आहे. रागावला तो परका." तो हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. बाही त्राओरेची होती. "बिचारा. एवढी लढाई केली, आणि कोट शेवटी दियाराला."

"ठेवून घ्या तो. तुमच्याकडे असू दे."

"आणि तुझे आजोबा?"

हे 'तू' कुणी लिहून दिलेलं नव्हतं. दोघांच्याही ते लक्षात आलं. दोघांनीही नाही आल्यासारखं केलं.

"त्यांना आयुष्यभर पुरला."

बसनं भोंगा दिला. समोरचा पोरगा सदऱ्यावर कुडकुडत विचारत होता, "मादाम, माझा कोट?" कुणीतरी तिजानला दंडाला धरून ओढलं. "परत आणून देईन," तो जाता जाता म्हणाला.

"नको," ओदिल म्हणाली. "परत आणू नकोस."

बस वळली. मागचा लाल दिवा ओल्या रस्त्यावर उमटला, विझला. आणि मग चौकात उभ्या उभ्या ओदिलला कळलं की आपण काय बोललो. ज्या एका कारणानं तो परत आला असता, ते कारण तिनं स्वतः, मोठ्या मनानं, कात्रीनं कापावं तसं कापून टाकलं होतं.

* * *

हिवाळा आला आणि नेहमीप्रमाणे राहिला. ओदिलनं विजारी आखूड केल्या. दुपारी चहा करायची, तीन पेले. तिसरा गोड होईपर्यंत पहिला गार झालेला असायचा. त्याचा पत्ता तिच्याकडे नव्हता. कपडेपटाच्या यादीत नाव होतं आणि मापं होती: छाती, बाह्या, गळा. एखाद्या माणसाबद्दल इतकं माहीत असावं आणि तो कुठे राहतो ते माहीत नसावं...

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ती बटणं आणायला मुलूझला गेली. बटणं दहा मिनिटांत झाली. मग ती दिवसभर ट्राममध्ये बसली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. उतरायची, पुढच्या ट्रामच्या काचेतून चालकाचा चेहरा बघायची, चढायची. एक मिशीवाला होता, दोन बायका होत्या, एक जण सतत शिट्टी वाजवत होता. पुढचं स्थानक कोणतं ते सगळेच सांगत होते. संध्याकाळी ती बटणांची पिशवी मांडीवर घेऊन घरी आली. लांब पडणारी विजार घेऊन दारात उभे असलेले शेजारचे म्हातारे लेओपोल म्हणाले, "आज बंद ठेवलंस? बरेच जण येऊन गेले." तिनं दिवा लावला आणि विजार घेतली.

वर्ष उलटून पुन्हा नोव्हेंबर आला आणि सिनेमा लागला. समीक्षकांनी जनरलबद्दल जेमतेम लिहिलं. त्यांना आवडलं ते शेवटचं संचलन: तीस पोरं कोटात, आणि शेवटचा एक नुसत्या सदऱ्यावर, कुडकुडत, कोट नसलेला. या एका प्रतिमेत ज्यांना इतिहासानं पुसलं ते सगळे उभे आहेत, असं एकानं लिहिलं. दिग्दर्शकानं मुलाखतीत त्या पोराचा अर्थ अकरा मिनिटं समजावून सांगितला.

ला ग्रांजेतच्या नगर सभागृहात रविवारी दुपारी तीनचा खेळ ठेवला होता. गाव लोटलं होतं. प्रत्येक जण स्वतःला बघायला आला होता. सभागृहाचा हीटर बिघडलेला होता, दर नोव्हेंबरात बिघडतो तसा. ओदिल मागच्या रांगेत बसली आणि शेजारच्या खुर्चीवर तिनं आपली पिशवी ठेवली. सवय.

तिजान दिसला. चार सेकंद, डाव्या खांद्यामागे, अस्पष्ट. एकदा नुसतं कोपर. ते मात्र ओदिलनं लगेच ओळखलं. त्या बाहीचं अस्तर तिनंच नीट केलं होतं. वाक्य नव्हतं. एकेचाळिसाव्या दृश्याच्या जागी जनरल टेकडीवर उभा राहून लांब बघत होता. थंडीनं तिचे दात वाजत होते, आणि थंडीवर ढकलता येईल असं डोळ्यांतही काहीतरी होतं.

"ही जागा कुणाची?" अंधारात कुणीतरी विचारलं.

"कुणाची नाही," ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, आणि पिशवी उचलली. मग डांबरगोळ्यांचा वास आला.

ती वळली नाही. वळलं आणि दुसरंच कुणी असलं तर... "तू आला नाहीस," ती पडद्याला म्हणाली.

"तूच म्हणालीस, परत आणू नकोस."

"कोट म्हटलं होतं. कोट आणू नकोस."

"कोटाशिवाय कुठल्या तोंडानं येणार होतो?" मग थोड्या वेळानं, हळू: "तरी आलो होतो एकदा. फेब्रुवारीत. मंगळवारी माझी सुट्टी असते. दुकान बंद होतं. दारात एक म्हातारे विजार घेऊन उभे होते, म्हणाले, ती मुलूझला गेलीय, सकाळीच. काय नटून गेलीय म्हणाले, नक्की कुणाला तरी भेटायला. मग मी परत गेलो."

पुढच्या रांगेतून कुणीतरी "शू" केलं. पडद्यावर तोफा चालू होत्या. तोफांना कुणी काही म्हणत नव्हतं.

"कुणाला भेटायला गेली होतीस?" तिजाननं विचारलं.

ओदिल हसली, की रडली, ते अंधारात तिलाही नीट कळलं नाही. "ट्रामनं," ती म्हणाली. "दिवसभर. सगळ्या ट्राम."

पडद्यावर एकतीस पोरं चालत गेली, शेवटचा कुडकुडत. लेओपोल मोठ्यानं म्हणाले, "अरे, याला कुणी कोट का नाही दिला?"

"त्राओरेचा शोध घेतला," तिजान कुजबुजला. "लष्कराच्या नोंदींत त्या नावाचे चार सापडले. क्रमांक पुसट आहे, कोणता ते कळत नाही. चौघांच्याही गावी पत्रं टाकलीत. चौघांनाही चवळीखाऊ म्हटलंय. बघू, कोण उलट शिवी देतो."

तिला पुन्हा हुडहुडी भरली. शेजारी बटणांचा आवाज झाला – एक, दोन, तीन, सावकाश; या वेळी कुणाला घाई नव्हती. मग तो जड, जुना डगला दोघांच्या मध्ये आला, चार हातांत.

सेगूच्या टपालवाल्याच्या नातवानं वर्षभर जपून ठेवलेलं वाक्य त्याच्या पत्त्यावर पोचवलं.

"घे," तो म्हणाला. "अजून ऊब आहे."